काकांचा रांजण

"आदी घरात हाय का बघ, मग बाहेर जा."

उजव्या हाताचं बोट वर करून हे म्हटल्याशिवाय आमच्या शेजारच्या काकांनी कुणाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. काकी हळद संपली म्हणाल्या, की काका आधी फडताळ पालथं घालणार. मी खिळे आणायला कर्जतला निघालो, की कुंपणावरून बोट वर. "घरात बघितलंस का रं?" आणि वैताग असा, की खिळे घरातच सापडायचे. गंजलेले. त्यामुळे मी शेवटी कर्जतला जायचोच, फक्त उशिरा आणि हात काळे करून.

तुमच्याही शेजारी असं कुणीतरी असेल. नसेल तर तुमचे खिळे वेळेवर येत असतील.

आमचं गाव पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. काकांच्या आणि आमच्या घरात मिळून इंटरनेटची एकच लाइन. तार खांबावरून फणसावर आणि फणसावरून आमच्या पत्र्यावर येते. ती आपल्याला झोके घ्यायलाच बांधली आहे, अशी माकडांची समजूत. माकडं नसली की वारा असतो. वारा नसला की काहीच कारण नसतं, तरी नेट बंद. कंपनीला फोन करावा तर तिकडून एकच मंत्र, "बंद करून चालू करा." मी ते इतक्या वेळा केलंय, की आता झोपेतही माझा हात बटणाकडे जातो, असं बायको सांगते.

माझी नुसती चिडचिड होती. काकांचं दुखणं खरं होतं. त्यांची मुलगी बंगळूरला, आणि तिची लहानगी दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर यायची. काका "सोनू, इकडं बघ गं" म्हणायला तोंड उघडायचे आणि तिकडे पडद्यावर तसेच, उघड्या तोंडाने, थिजायचे. वर ते गोल चक्र फिरत राहायचं. नातीने त्यांचं नाव ठेवलं 'गोल-गोल आजोबा'. "आजोबा बंद पडले," असं आईला सांगून ती खेळायला पळायची.

"तिला वाटतं मी फोटू हाय," काका मला हसत म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

रसायनीच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले काका यंत्राला घाबरणारे नव्हते. नेट जलद कसं करावं, हे शिकवणारे व्हिडिओ त्यांनी बघायला घेतले. तेही अडकत अडकत. "ज्याचं नेट हळू त्यानं शिकायचं, आणि हे शिकवणार नेटवरच. काय डोकं हाय!" पण त्या अडकण्यातून त्यांना त्यांचंच वाक्य सापडलं. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढून त्यांनी लाइनच्या मधोमध बसवला. दोन्ही घरांत कुणी काही मागवलं, की तो त्याची एक प्रत ठेवून घ्यायचा. पुन्हा कुणी तेच मागितलं, की बाहेर न जाता घरातूनच द्यायचा.

"दर घोटाला विहिरीवर कशाला जायाचं? रांजण भरून ठेवायचा." तेव्हापासून त्या घरघरणाऱ्या खोक्याचं नाव रांजण.

पहिल्याच रविवारी काका नवा सदरा घालून फोनपुढे बसले. आणि थिजले. चक्र सुरू.

"असं कसं रं?" ते माझ्याकडे वळले. "पोरीचं तोंड तेच, फ्रॉक तोच, मागची भिंत तीच. मग दर येळी बंगळूरहून कशाला आणतोय?"

"काका, ती जिवंत आहे. दर क्षणाला नवी असते. साठवून कशी ठेवणार?"

"भिंत तरी?"

मी रांजण बंद करून चालू केला.

पण काका हटणारे नव्हते. बाकीचे रांजणातलं बघत बसले तर तार रिकामी राहील, आणि नात पलीकडून सरळ येईल, असा त्यांनी हिशेब मांडला. मग दर रविवारी सकाळी कुंपणाशी आरोळी. "नवीन काय बघू नका रं, रांजणातलंच बघा!" बायको उकडीच्या मोदकांचा तोच व्हिडिओ लावून बसायची. "काका, आता डोळे मिटून पाकळ्या पाडीन मी."

"मग खायाला कधी बोलवतेस?"

अशात आमच्या लेकीचा बारावीचा निकाल आला. म्हणजे गावाला आला, आम्हाला नाही. निकालाचं पान आमच्याकडे झटकन उघडायचं. इतकं झटकन, की मी काकांना शाबासकी दिली. पानावर लिहिलेलं, 'निकाल लवकरच जाहीर होईल.' दुपार सरली, तरी तेच. शेवटी मैत्रिणीचा फोन आला, "किती पडले गं तुला?" तेव्हा कळलं, की रांजण इमानेइतबारे सकाळचंच पान वाढतोय.

लेकीने घर डोक्यावर घेतलं. काका कुंपणापलीकडून हळूच म्हणाले, "पान लगेच उघडलं, ह्ये तर मानशील?"

तिने मानलं नाही. पास झाल्याचं कळल्यावर मात्र ती स्वतःच पेढे घेऊन गेली. काकांनी पेढा हातातच धरला. "आता रविवारी तू माझं ऐकायची नायस." त्या रविवारी तिने आमच्या घरातले सगळे फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर रचून ठेवले. मोदकसुद्धा नाहीत.

आणि कॉल लागला. चक्र नाही, थिजणं नाही. काका हसले, हात हलवला, "सोनू, बघ गं, मी हाय." नातीने डोळे विस्फारले. एक किंकाळी फोडली आणि आईच्या मागे लपून रडू लागली. "फोटो हलतो! फोटो हलतो!"

आम्ही सगळे हसलो. काकाही हसले, जरासे. ती पुन्हा समोर आली नाही.

संध्याकाळी ते पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "काका, पुढच्या रविवारी सवय होईल तिला."

त्यांचं बोट अर्धंच वर आलं. "घरात बघून झालं रं. नाय ती. आता बाहेर जायाला पायजे."

खिळ्यांसाठीही कर्जतला न जाणारा माणूस काकींना घेऊन बंगळूरला गेला. कायमचा. जाताना रांजण आमच्याकडे सरकवून गेला. नात आता त्यांच्या खांद्यावर बसते आणि त्यांचा चष्मा ओढते, म्हणे. म्हणे अशासाठी, की मला ते कधी धड दिसलेलं नाही.

रविवारी आम्ही त्यांना फोन लावतो. परवा बोलताना मी म्हटलं, कपाटाची किल्ली सापडत नाही, नवी करायला कर्जतला जातो. काकांचं बोट वर गेलं, तोंड उघडलं, आणि थिजलं. फणसावर माकडं आली असावीत. चेहऱ्यावर चक्र फिरू लागलं.

"कट करून परत लावा की," बायको म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "राहू दे जरा. घरात आहेत."