जे. पी. नगरमधली आखूड झोळी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातली पहिली कॉफी व्हायच्या आधी, मंजुळाक्कांना कामावरून काढलं. बेंगळुरूतल्या जे. पी. नगरमधल्या एका सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून. कारण सांगितलं ते असं, की त्यांची पाठ आता कामाची राहिली नाही. पाठ कशाने गेली ते कुणी विचारलं नाही. ते विचारायला मी पुण्याहून निघाले.

आमचा गट घरकामगार बायकांसाठी काम करतो. मी पत्रकं लिहिते. अक्कांची भाची आमच्यातच आहे, तिने हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "तू जाऊन भांडू नकोस हं, नुसतं बघून ये." नुसतं बघून यायला कुणी रात्रभर बसमध्ये बसत नाही.

बेंगळुरूत उतरले तेव्हा पाऊस नव्हता आणि ऊनही नव्हतं. ओल्या गोणपाटासारखं आभाळ, आणि त्याखाली हॉर्न. लोक या हवेचं कौतुक करतात. मला दोन दिवसांत तिने फक्त सर्दी दिली. रिक्षावाल्याला बनशंकरी म्हटलं तर तो मान न वळवता म्हणाला, "बनशंकरी बहुत बडा है मॅडम. किधर का बनशंकरी?" अक्कांच्या घराचं मला एवढंच माहीत होतं, की देवळाच्या मागची गल्ली. "मंदिर के पीछे तो आधा शहर है," तो म्हणाला, आणि गल्लोगल्ली विचारत त्याने मला बरोबर दारात सोडलं.

अक्का दारातच उभ्या होत्या, भिंतीला पाठ लावून. मला वाटलं माझी वाट बघताहेत. नंतर कळलं, त्या दिवसातला बराच वेळ तशाच उभ्या असतात. बसलं तर उठताना कुणीतरी लागतं.

"ये गं. ऊटा आयता?" (जेवण झालं का?)

"अक्का, सकाळचे आठ वाजलेत."

"मग काय झालं? पुण्याचे लोक खायला लाजतात म्हणतात, ते खरंच दिसतंय."

खालच्या गाड्यावरची तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) त्यांनी आधीच आणून ठेवली होती. दीड खोलीचं घर. त्यांचे पूर्वज राजांच्या घोड्यांमागून इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी घरात टिकली, पण तिच्यात कन्नड मुरलं. अक्का 'पाठ' म्हणतच नाहीत, 'बेन्नु' म्हणतात, आणि म्हणताना हात आपोआप कमरेवर जातो.

हकिगत साधी आहे. फ्लॅट रेवतीचा. ती आणि नवरा निनाद मूळचे नागपूरचे, दोघंही कंपन्यांत. निनादची आई बहुतेक अंथरुणातच, धरल्याशिवाय चालता न येणारी. अक्का तिच्यासाठी मुक्कामी होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर झोपून उठता येत नाही, म्हणून बाल्कनीत झोळीसारखा टांगता झोपाळा त्यांना 'दिला'. निनादच्या आईने, म्हणजे आजींनी, बेल वाजवली की उठून आत जायचं. महिन्यागणिक उठायला जास्त वेळ लागू लागला. दसऱ्याच्या रात्री बेल वाजली आणि अक्कांना झोपाळ्यातून बाहेरच पडता येईना. आजी एकट्याच बाथरूमकडे निघाल्या आणि पडता पडता वाचल्या. सकाळी अक्कांना निरोप.

मी पिशवीतून आमचं पत्रक काढलं. त्यात ठळक अक्षरांत आहे, की मुक्कामी कामगाराला स्वतंत्र खाट मिळालीच पाहिजे. अक्कांनी ते लांब धरून वाचलं.

"खाट? आजींच्या खोलीत खाट मावत नाही. तू खाट मागितलीस, तर ते माणूसच बदलतील. खाट कशाला आणतील?"

"मग दुसरं घर बघू."

"बेन्नुचं कळलं की कामं देणारा एजन्सीवाला फोन उचलत नाही. माझं काम मला परत पाहिजे, आणि झोळीच पाहिजे, पण सरळ झोपता येईल अशी. सकाळी काढून ठेवता येते, कुणाच्या पायात येत नाही. एवढं जमव, सरी?" (बरं?)

मी भांडायला आले होते आणि मला झोळी शोधायला लावली. सरी.

दुपारी जे. पी. नगर. मी येणार हे अक्कांनी कळवून ठेवलं होतं. रेवतीने दार उघडलं ते कानात इअरफोन घालूनच, आणि हाताने 'दोन मिनिटं' अशी खूण केली. मी सरळ बाल्कनीत गेले. पांढरा विणलेला झोपाळा, दोन्ही टोकांना लाकडी दांडे, झालरी, बाजूला मनीप्लांट. लांबी एखाद्या शाळकरी मुलाला पुरेल एवढी. मी त्यात झोपले. सह्याद्रीत पुष्कळ वेळा झोळी बांधून झोपले आहे, त्यामुळे काय होणार ते आधीच कळत होतं. ढुंगण खाली गेलं, टाचा वर, हनुवटी छातीवर. गुडघे उलटे दाबले जातात. कुशीवर वळायला गेलं की दांडा कलंडतो. पाच मिनिटांत माझी कंबर बोलायला लागली. अक्का त्यात महिनोन् महिने झोपल्या.

"क्यूट आहे ना?" रेवती दारात उभी होती.

"यात माणूस विळ्यासारखा वाकडा होतो."

"अगं, पण त्यांनीच चूज केला. मी ऑनलाइन दोन साइज दाखवले होते. त्या म्हणाल्या छोटा. मी फोर्स नाही केला."

मी दांडा धरून कशीबशी बाहेर पडले. आतून बेल वाजत होती आणि नवी बाई आजींना भरवायचा प्रयत्न करत होती. रेवतीचा आवाज उतरला. "त्या गेल्यापासून आई नीट जेवतच नाहीयेत. येऊ देत त्यांना परत, माझं काही नाही. फक्त ते झोपायचं तुम्ही काय ते सॉर्ट करा. मला त्यातलं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी अक्का नको नको म्हणताना माझ्याबरोबर बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या बाजारात आल्या. बसमध्ये जागा मिळाली तरी उभ्याच राहिल्या. मी विचारलं, छोटा का निवडलात?

"आमच्यात बाळाची झोळी आखूडच बांधतात. लुगड्याची घडीवर घडी घालायची. जितकी आखूड तितकी बाळाला बिलगते, आईच्या पोटासारखी. मला वाटलं, झोळी म्हणजे तशीच." मग खिडकीबाहेर बघत, "आणि दुसऱ्याच्या घरी 'मोठं द्या' म्हणवत नाही गं."

रेवतीने विचारलं होतं हे खरं. पण जिची नोकरी आपल्या हातात आहे, तिला 'कुठला हवा' विचारणं याला मी विचारणं म्हणत नाही.

शिवाजीनगरात एका दोर-ताडपत्रीच्या दुकानात तयार झोळ्या टांगल्या होत्या. दुकानदार चाचांनी अक्कांना वरपासून खालपर्यंत नजरेने मोजलं. "अक्का पाँच फुट की. छह फुट का झूला बस."

"उंचीएवढा नको. उंचीच्या दुप्पट कापड द्या."

"सोना है कि शामियाना लगाना है?"

आजूबाजूचे हसले. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. झोळीत सरळ रेषेत झोपायचंच नसतं. तिरकं झोपायचं, डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. मग पाठ सपाट राहते. तिरकं व्हायला कापड मोकळं लागतं. पाच फुटांच्या बाईला दहा फूट, साडेपाचच्या माणसाला अकरा. रुंदी हात पसरता येतील एवढी. दांडे नकोत. आणि दोरी ताणून बांधायची नाही, मध्ये चांगलं पोट सुटलेलं हवं. आखूड झोळी कितीही सैल सोडा, माणूस दुमडतोच.

चाचांना काही पटलं नाही. पण त्यांनी जाड सुती कापड मोजून फाडलं, शेजारच्या शिंप्याकडून टोकं दुमडून शिवून आणली, आणि शटरच्या कडीपासून समोरच्या खांबापर्यंत झोळी बांधली. "चढो अक्का. गिरे तो मेरी जिम्मेदारी नहीं."

अक्कांनी आधी बूड टेकलं, मग मी त्यांचे पाय उचलून तिरके ठेवले. कापड दोन्ही बाजूंनी सपाट झालं. त्यांनी एकदा कमरेखाली हात घालून बघितला, जणू तिथे काहीतरी असायला हवं होतं. मग हात काढून पोटावर ठेवला.

"दुखतंय?"

समोरून हातगाड्या चालल्या होत्या, एक बस मागे येताना बोंबलत होती. अक्का झोपल्या होत्या. चाचांनी गिऱ्हाईकाला ओठांवर बोट ठेवून आत बोलावलं. मी स्टुलावर बसून राहिले. माझ्या आईच्या वयाची बाई भर बाजारात, दुकानाच्या दारात, इतकी गाढ झोपते, म्हणजे ती किती रात्री झोपली नसेल. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी चाचाच म्हणाले, "शामियाना ही ले जाओ."

त्याच संध्याकाळी जे. पी. नगर. बाल्कनीतल्या दोन हुकांमध्ये नवी झोळी बांधली, तर ती जमिनीला टेकली. साहजिक होतं. हुक छोट्या झोपाळ्याच्या मापाने, जवळजवळ ठोकलेले. लांब झोळीला लांब अंतर लागतं. ते आजींच्या खोलीत होतं, खिडकीपासून दाराशेजारच्या भिंतीपर्यंत. आजींच्या समोर, बेलसुद्धा लागली नसती. दोन भोकं, दोन हुक.

"नाही नाही," रेवती म्हणाली. "रेंटेड फ्लॅट आहे. ओनर ड्रिलिंग अलाउ करत नाही."

हॉलमधल्या भिंतीवर दरवाजाएवढा टीव्ही होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"तो काय फेविकॉलने चिकटवलाय?"

"ते वेगळं आहे."

"कसं?"

"हे बघ, तू गेस्ट आहेस म्हणून मी ऐकून घेतेय."

"मी गेस्ट नाही. तुमच्या बाल्कनीत ज्यांची पाठ गेली, त्यांच्याबरोबर आलेय मी."

"राहू दे." हे अक्का बोलल्या. त्या आजींच्या उशाशी उभ्या होत्या, आणि आजींनी त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "मी बाल्कनीतच झोपेन. जुनाच बांधा. आता स्वल्प (थोडी) बरी आहे मी."

"अक्का, तुम्ही बऱ्या नाही आहात."

"तू उद्या पुण्याला जाशील." त्या मराठीतच बोलल्या, अगदी शांत. "मला इथे राहायचंय. आज काम मिळालंय, ते तोंडाने घालवू नकोस."

रेवतीला सुटल्यासारखं झालं. तिने नव्या बाईला एजन्सीत परत पाठवायचा फोन केला आणि मला कॉफी विचारली. मी नको म्हटलं. नवी झोळी घडी करून कोपऱ्यात ठेवली आणि पांढरा झोपाळा मीच परत हुकांना लावला, कारण अक्कांना हात वर करता येत नव्हते. निघताना त्या लिफ्टपर्यंत आल्या. म्हणाल्या, आजींनी खीर सगळी खाल्ली बघ. लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्या उभ्या होत्या, भिंतीला पाठ लावून.

पुण्याला परत आले. भाचीने विचारलं, काम झालं? मी म्हटलं, झालं, मिळालं परत. पुढचं सांगायला मला दोन दिवस लागले. त्याच आठवड्यात रेवतीचा मेसेज आला. फोटो होता. कुठल्यातरी कॉफीच्या मळ्यात दोन झाडांमध्ये आमची झोळी, आणि तिच्यात तिरका पसरलेला निनाद. खाली लिहिलं होतं, सो कम्फर्टेबल, थँक्स यार. तिला यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाईट बाई नाही ती. हे मी रागाने नाही, हताश होऊन लिहिते आहे, कारण वाईट बाई असती तर पत्रकात नाव घालून मोकळी झाले असते.

मग मी आमचं पत्रक पुन्हा काढून वाचलं. 'खाट मिळालीच पाहिजे.' झोप हा शब्द त्यात कुठेच नव्हता. तो आता घातला आहे. पण पत्रक वाचणारे तुम्ही आहात, आणि हुक तुमच्या भिंतीत लागायचे आहेत.

तेव्हा ऐका. तुमच्या घरात कुणी मुक्कामी कामाला असेल, तर तिला 'चालतंय ना?' असं विचारू नका. ती चालतंय म्हणेल. आजची रात्र तिच्या जागेवर तुम्ही झोपा, आणि तिला तुमच्या पलंगावर झोपवा. सकाळी तुमची कंबर काय सांगते ते ऐका. झोळी असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट कापड आणा. आणि घरमालक, रंग, पाहुणे यांतलं एकही कारण न सांगता, ड्रिल मागवा आणि भिंतीला भोक पाडा.