हजारातले माझे सदतीस

सांगायला बसलोय खरा, पण आधीच कबूल करतो, सगळं जसं घडलं तसंच मला आठवतंय याची खात्री नाही. त्या दिवशी मी मफलर गुंडाळला होता की नव्हता, यावर माझं आणि नलिनीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, आजही एकमत नाही. एवढं मात्र दोघांनाही मान्य आहे, की माती खाल्ली ती मी एकट्याने.

तेव्हा मी नुकताच निवृत्त होऊन टोकियोतल्या हिगाशी-कसाईला मुलाकडे राहायला आलो होतो. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. एकच माप तीनदा घेणारा माणूस मी. घराला कुलूप लावून जिना उतरलो, की ते ओढून बघायला पुन्हा वर जाणारा. तरुणपणी दोन वर्षं जपानात संशोधन केल्यामुळे मोडकंतोडकं जपानी येत होतं. त्या जोरावर सकाळी बागेत रेडिओच्या तालावर व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळीत शिरलो. मास्तर होतो म्हणून सगळे मला ‘सेन्सेई’ म्हणू लागले.

टोळीच्या म्होरक्या मोरी-सान. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याच्या खाली, आवाज मुख्याध्यापिकेचा. त्यांची नात हारुका फिगर स्केटिंग करायची, दूर नागानोला प्रशिक्षकांकडे राहून. त्या हिवाळ्यात टोकियोत ज्युनिअर मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि हारुका पहिल्यांदाच देशाकडून उतरणार होती. आधीच्या दोन स्पर्धांत पोर निव्वळ भीतीने पडली होती. त्यातून या वेळी कॅनडाची एक पटाईत मुलगी येणार होती, तिची वेगळीच धास्ती. या वेळी पडले तर बूट कायमचे काढून ठेवीन, असं तिने आजीला सांगितलं होतं.

म्हणून मोरी-साननी हजार करकोच्यांचा घाट घातला. इथे तशी रीत आहे. कोणी मोठ्या कसोटीला निघालं, की कागदाचे हजार करकोचे घडी घालून करायचे, दोऱ्यांत ओवायचे आणि त्याला द्यायचे. टोळीतल्या सगळ्यांनी हातभार लावला. माझे झाले सदतीस. सदतीसच का? एकेकाला अर्धा तास लागायचा हो. मी कोनमापक घेऊन बसायचो.

“अहो, या बगळ्याची मान मोडलीय,” नलिनी म्हणायची.

“तो मागे वळून बघतोय.”

“आणि याची चोच कुठाय?”

“पंखाखाली.”

स्पर्धेच्या दिवशी मोरी-साननी करकोच्यांची पिशवी माझ्या हाती दिली. “सेन्सेई, माझे गुडघे काही साथ देत नाहीत. मी थेट जागेवर जाऊन बसते. दाराशी खेळाडूंच्या भेटवस्तूंचं टेबल असेल, तिथे हारुकाचं नाव सांगून एवढं ठेवा. तुमच्या हातून चूक व्हायची नाही.”

इथेच घोडं पेंड खातं. त्या टेबलावर बघतो तर पिशव्या, फुलं, बाहुल्या एकावर एक. मागे बसलेली बाई फोनवर बोलत होती. माझ्या मनात आलं, ही नक्की अदलाबदल करणार. त्यापेक्षा आपण स्वतः हातात दिलेलं बरं. दुसऱ्याचा निष्काळजीपणा मला सहन होत नाही, काय करू?

म्हाताऱ्याला कोणी अडवलं नाही. आतल्या बोळात, थंड पेयांच्या यंत्राजवळ, एक मुलगी एकटीच बूट बांधत बसली होती. हारुकाला मी मोरी-सानच्या फोनवर नखाएवढ्या फोटोत तेवढं पाहिलेलं. पण मी शास्त्राचा माणूस, तीन पुरावे गोळा केले. एक, चेहरा जपानी. दोन, जाकीट लाल-पांढरं. तीन, मी वाकून नमस्कार केला तशी तीही वाकली. नाव का नाही विचारलं म्हणता? भाषण पाठ करून आलो होतो. मध्ये तिसरंच काही बोललो असतो, तर सगळं विसरलो असतो. एका दमात म्हणून टाकलं: आजीने पाठवलंय, सगळी टोळी आली आहे, पडायचं नाही, आणि त्या कॅनडाच्या मुलीला तर मुळीच घाबरायचं नाही, तिच्यात काही विशेष नाही.

मुलीचे डोळे भरून आले. “आरिगातो,” आभाराचा एवढाच शब्द बोलली आणि माळा काढून तिने छातीशी धरल्या. मी हळूच वाकून माझे सदतीस शोधले. एकही ओळखू येईना, इतके बेमालूम मिसळले होते. काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

वर गेलो. “दिले?” मोरी-साननी विचारलं.

“हातात दिले.”

“हातात?”

“टेबलावर भरवसा नव्हता.”



थोड्या वेळाने एक जपानी नाव पुकारलं आणि पाठोपाठ देश: कॅनडा. मी करकोचे दिले होते तीच मुलगी बर्फावर आली. कठड्यामागे तिच्या प्रशिक्षकांच्या हातात हजार करकोचे, आणि सगळ्यात खाली मोरी-साननी केलेला मोठा सोनेरी करकोचा. मुलीने त्याला कपाळ टेकवलं आणि निघाली.

आमच्या रांगेतल्या अकरा म्हाताऱ्यांनी एकदम माझ्याकडे माना वळवल्या.

“अहो,” नलिनी मराठीत कुजबुजली, “ते आपले बगळे ना?”

“असे पुष्कळांकडे असतात.”

“सोनेरीसुद्धा?”

“सोनेरी... सुद्धा.”

आणि हे मला कळू नये? माझ्या घरात तीन वर्षांची नात होती. नाक थेट आमच्या घराण्याचं, पण पाणी हवं का विचारलं, की उत्तर जपानीत. तोंडावळा एकीकडचा आणि माणूस दुसरीकडचा, हे रोज जेवताना समोर दिसत होतं.

हारुकाची पाळी यायला अजून चार जणी होत्या. करकोचे परत आणायचेच, असा निश्चय करून मी खाली धावलो. ती मुलगी एकदाही न पडता खेळून त्याच यंत्राजवळ बसली होती. मला बघताच उठली आणि इंग्रजीत बोलू लागली. तिच्या पणजोबांनी जपान सोडलं होतं. तिची आजी तिला असेच करकोचे करून द्यायची, ती गेल्या वर्षी वारली. “इथे आल्यापासून माझ्याशी आपुलकीने बोलणारे तुम्ही पहिलेच. मला जपानी येत नाही, आजी हा एकच शब्द समजला. काय म्हणत होता तुम्ही?”

आता सांगा, काय बोलायचं?

“म्हणत होतो, अजिबात घाबरू नकोस,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. पुढचं वाक्य गाळलं इतकंच.

रिकाम्या हातांनी परत आलो आणि मोरी-सानसमोर उभा राहून सगळं कबूल केलं. तेवढ्यात हारुका बर्फावर आली. चक्क हसत आली. का हसतेय, कोणाला कळेना. पण ती पडली नाही. सातवी आली. कॅनडाची मुलगी दुसरी.

“मनाला लावून घेऊ नका, सेन्सेई,” मोरी-सान डोळे पुसत म्हणाल्या. “हारुकाला मी रिकाम्या हातांनी पाठवलं नव्हतं.”

मला वाटलं, हे जपानी सौजन्य. इथे आपण कोणाच्या पायावर पाय दिला, तर तोच आपली क्षमा मागतो. करकोचे जवळ असते तर हारुका पहिली आली असती, हा सल माझ्या मनात कितीतरी वर्षं राहिला. मोरी-साननी मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. रोज सकाळी व्यायाम झाला, की माझ्या हजेरीच्या कार्डावर शिक्का मारायच्या आणि म्हणायच्या, “सेन्सेई, उद्या या.” दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. बागेत जातो अजून. शिक्का दुसरं कोणी मारतं.

हारुकाने खेळ सोडला नाही. आता ती मुलांना स्केटिंग शिकवते. माझी नातही तिच्याकडेच जाते. हारुकाला भेटायची हिंमत मला कधी झाली नव्हती, पण गेल्या हिवाळ्यात नातीला आणायला जावं लागलं. हारुकाच्या टेबलावर काचेची बरणी होती. आत कागदी पाखरं. एकाची मान मोडलेली.

“हे... कोणी केले?” मी विचारलं.

“माहीत नाही. माझ्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेआधी आजीने डब्यात घालून नागानोला पाठवले,” ती हसून म्हणाली. “एका फार शिकलेल्या गृहस्थांनी केलेत म्हणे. माळेत ओवण्याजोगे नाहीत, पण टाकवतही नाहीत. भीती वाटली की यांच्याकडे बघ, म्हणाली. मी बर्फावर उतरायच्या आधी बघितलं, आणि हसूच आवरेना.”

निदान दहाबारा तरी त्या हजारात गेले असतील, या आशेने मी बरणी उघडायची परवानगी मागितली. टेबलावर सगळे मांडले आणि सवयीप्रमाणे तीनदा मोजले.

तिन्ही वेळा सदतीस.