फडका वाळत घातला तेव्हा

आज ती गाळणीवरची ताई म्हणून ओळखली जाते. नवा माणूस आला की हातमोजे द्यायच्या आधी ती त्याला मोकळ्या अंगणातली एक वीट दाखवते. त्या विटेचं कारण तिच्या सासूबाई.

ओला फडका कोपऱ्यात पडू द्यायचा नाही, पिळून वाळत घालायचा, हे सासूबाईंनी तिच्या अंगी मुरवलं होतं. नवरा गेल्यावर घर तिच्या पगारावर आलं. ती कारखान्यात लागली, तेव्हा ही शिस्तही तिच्यासोबत आत गेली.

तिथे साखरेच्या पाकापासून टूथपेस्टमध्ये घालायचा गोड द्रव तयार व्हायचा. पाकात निकेलची काळी पूड घालून दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. काम झालं की पूड गाळून पुन्हा वापरायची. गाळणीवरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरला सगळे पाणीकाका म्हणत. ते सांगायचे, "ही पूड लग्न जुळवणाऱ्या बाईसारखी. दोघांचं जमवते, स्वतः अडकत नाही. फक्त तिचा घसा कोरडा पडू द्यायचा नाही!" म्हणून पूड कायम पाण्याखाली.

तिची नोकरी अजून कच्चीच होती. एका दुपारी गाळणीपाशी त्याच पुडीचा काळा गाळ सांडला. तिने तो लख्ख पुसला, फडका पिळून मागच्या दारी उन्हात तारेवर टाकला आणि स्वतःवरच खूश झाली.

तेवढ्यात पाठीमागून बादलीभर पाणी आलं. फडका भिजला आणि तीही नखशिखांत भिजली.

"काका, डोकं ठिकाणावर आहे का? आता साबणही आणा!"

काकांनी फडक्याचा बोटभर तुकडा कापला, बाकीचा बादलीत बुडवला. तुकडा लांब अंगणात नेऊन चिमट्याने विटेवर ठेवला. "रागाव, पण इथून बघ."

ती धुमसत उभी राहिली. तुकडा वाळत गेला आणि काडी न लावताच त्याच्या कडेने लाल ठिणगी सरकली. बघता बघता राख! तारेच्या पलीकडेच हायड्रोजनच्या टाक्या होत्या. "वाळलेली पूड हवा लागताच आपोआप पेटते," काका म्हणाले.

गडबड ऐकून साहेब आले, विटेवरची राख आणि बादलीतला फडका त्यांनी पाहिला. "कोणी वाळत घातला हा?"

नोकरी गेली, असं समजून ती कशीबशी म्हणाली, "मी."

"घातला हिने, पण चूक माझी," काका म्हणाले. "पूड ओली ठेव म्हणालो, फडक्याचं सांगायचं राहिलं. तिला काय स्वप्न पडणार होतं?"

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "मग आता सगळ्यांनाच दाखवा, असंच विटेवर."

संध्याकाळी ओले कपडे पाहून सासूबाईंनी काकांचा उद्धार सुरू केला. सगळं ऐकल्यावर मात्र उठून कपाट उघडलं.

सकाळी त्यांनी ठेवणीतली सुती चादर फाडून फडक्यांचा गठ्ठा सुनेच्या हाती दिला. "त्यांना दे. म्हणावं, माझ्या सुनेला भिजवलंत, उपकार झाले. आणि हे फडके हवे तेवढे ओले ठेवा. मी एक अक्षर बोलणार नाही."