मोडाचा हरभरा

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला दारव्ह्याजवळच्या निवासी शाळेतला तो आठवडा आठवतो. मी तेव्हा शिकाऊ शिक्षिका होते. सकाळी मुलांबरोबर शेतात, दुपारी वर्गात, संध्याकाळी तक्ते रंगवण्यात, धड जेवायलाही फुरसत नव्हती. शनिवारी परीक्षक सरांसमोर शेवटचा पाठ होता, बियाण्याची उगवण तपासण्याचा. त्यासाठी हरभऱ्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मी स्वयंपाकघराच्या उबेला ठेवले होते. ऐन वेळी आणायला गेले, तर गोणपाट दोरीवर वाळत होतं आणि छोट्या पातेल्यात उसळ रटरटत होती. "काय मस्त मोड आले होते बाई," स्वयंपाक करणाऱ्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, "मले वाटलं, सायबासाठीच भिजवला तुम्ही." रडायलाही वेळ नव्हता. मी पातेलंच वर्गात नेलं. मुलांनी दाणे ताटात काढून मोडाचे एकीकडे, बिनमोडाचे दुसरीकडे केले आणि फळ्यावर टक्केवारी मांडली. सरांनी ताट जवळ ओढून चमचाभर चाखलं. "बियाणं उत्तम," ते म्हणाले, "मीठ तेवढं कमी आहे." आता मी स्वतः शिकवते. या पाठाला नेहमी दोन गोणपाटं भिजवते. एक वर्गात नेते, दुसरं आमच्या शाळेच्या मावशींना देते आणि बजावते, मीठ जरा बघून टाका.