अण्णांच्या रिव्हॉल्व्हरमधली स्प्रिंग

हे मी शैलालासुद्धा सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या साऱ्या बऱ्यावाईट खोडी तिला ठाऊक आहेत — ही एक सोडून. तुम्हाला का सांगतोय, ते मलाच नीट कळत नाही. तुम्ही अण्णांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून असेल कदाचित.

अण्णा म्हणजे शैलाचे वडील, माझे सासरे. त्यांचं घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपासून बंगळूरचं; बोलण्यात कन्नड शब्द मिसळायचे. मी पुण्याचा, इंजिनियर. नव्वदच्या सुमारास यशवंतपूरला मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो, शैलाशी लग्न झालं, आणि राजाजीनगरच्या त्यांच्या घरातच राहायला लागलो. घरजावई म्हणा हवं तर. अण्णांनी तसं कधी जाणवू दिलं नाही. मग मला का जाणवत राहायचं?

अण्णांची सगळी नोकरी कॉफीच्या मळ्यावर गेली होती. तिथे एकटा बंगला, संध्याकाळनंतर रानातला रस्ता — म्हणून लायसन्स काढून त्यांनी एक रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याचं काही काम उरलं नव्हतं, पण साफ करण्याचा नेम काही सुटला नाही. गोळ्या वेगळ्या कपाटात, कुलपात. दोन-तीन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर पसरायचं, त्यावर ते ठेवायचं, गोळ्या नाहीत हे दोनदा बघायचं. मग नळीतून ब्रश फिरवायचा, चिंधीला तेल लावायचं. अधूनमधून बाजूचं झाकण उघडून आतलं सगळं काढायचे. घोडा, चाप, बारीक स्प्रिंगा, सारं धोतरावर ओळीनं. आणि गप्पा मारत, मान वर न करता, परत बसवायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस! गल्लीतले मिक्सर, शिवणयंत्रंसुद्धा त्यांच्याकडेच यायची.

मी शेजारी बसून बघायचो. एकदा हात पुढे केला तर म्हणाले, “स्वल्प थांबा हो. उघडायला काय, कुणीही उघडेल. बसवायचं मी शिकवीन तुम्हाला, सावकाश.”

यात काय चुकीचं होतं? काहीच नाही. पण मी दिवसभर कारखान्यात मशीन उघडून जोडणारा माणूस. ते ‘सावकाश’ मला लागलं. आता वाटतं, लागलं होतं की मी लावून घेतलं?

एका शनिवारी मला सुट्टी होती. अण्णा बँकेत गेले होते, शैला मनूला घेऊन डॉक्टरकडे. मनू आमची मुलगी, तेव्हा नुकती रांगायला लागली होती. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं. मी धोतर पसरलं — अगदी त्यांच्यासारखंच — आणि रिव्हॉल्व्हर काढलं. गोळ्या नाहीत हे पाहिलं. झाकणाचे स्क्रू काढले. छान चाललं होतं. उघडायचं, बसवायचं, ठेवून द्यायचं, आणि पुढच्या वेळी सहज म्हणायचं, ‘अण्णा, द्या मी करतो.’ एवढाच बेत होता. शपथेवर सांगतो, एवढाच.

चापामागची एक स्प्रिंग उडाली. करंगळीच्या पेराएवढी. कुठे गेली ते दिसलंसुद्धा नाही, नुसता बारीक आवाज झाला. मी टेबलाखाली शोधली, दिवाणाखाली शोधली, केरसुणी फिरवली. तेवढ्यात फाटक वाजलं. हाताला लागलं ते सगळं मी आत बसवलं, झाकण लावलं, स्क्रू पिळले, पुसून जागेवर ठेवलं. बाहेरून काही कळत नव्हतं. फक्त चाप ओढला की मागेच राहायचा. परत येत नव्हता.

अण्णा आत आले, मी त्यांना पाणी दिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? अण्णा रागावले नसते. हसले असते. त्या हसण्याचीच मला भीती वाटली.

पुढची साफसफाई व्हायच्या आतच निवडणुका आल्या. निवडणूक आली की लायसन्सची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागत, आणि जमा करण्याआधी अण्णा ते लख्ख करत. आम्ही सगळे टेबलाशीच होतो, इडली खात. त्यांनी चाप ओढला. पुन्हा ओढला. झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिले.

“स्प्रिंग नाही यात,” ते म्हणाले. “मागच्या वेळी मीच बसवली होती.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही होता ना शेजारी? बसवली होती ना मी?”

मी त्यांना बसवताना पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी.

मी म्हणालो, “लक्ष नव्हतं माझं, अण्णा. होतं असं, वय झालं की.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं? गप्प राहता आलं असतं. मी नुसतं लपवलं नाही, ते त्यांच्या माथी मारलं. शैला घाईघाईनं म्हणाली, “अण्णा, मी कधीची सांगतेय, घरात लहान मूल आहे, द्या ना ते देऊन.” अण्णांनी सगळे भाग धोतरात गुंडाळले. “सरी,” — बरं — एवढंच म्हणाले. “सरी.”

ते तसंच ठाण्यात गेलं, आणि निवडणुका झाल्यावर त्यांनी परत आणलं नाही. लायसन्सही सोडलं. शैलाला केवढं हायसं वाटलं! मलाही वाटलं. मनू आता कपाटांपर्यंत पोचत होती. मग झालं ते बरंच झालं का? या प्रश्नापाशी मी अजून घोटाळतो. मनूसाठी केलं असं म्हणावं, तर तेव्हा मनू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती.

काही दिवसांनी टेबलाजवळची वेताची खुर्ची उन्हात ठेवायला उचलली, तर स्प्रिंग विणीत अडकलेली दिसली. खिशात टाकून मी तडक अण्णांच्या खोलीत गेलो. सांगायचंच, असं ठरवून. ते पलंगावर बसले होते.

“आज गुरुवार ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“काल मटकी होती जेवायला. बरोबर?”

“बरोबर.”

स्वतःची परीक्षा घेत होते ते. आणि मी — मी तिथलं वर्तमानपत्र उचललं आणि बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी स्प्रिंग कारखान्यातल्या भंगाराच्या डब्यात टाकली. हे भीतीनं नाही झालं. हे मी शांतपणे केलं.

त्यानंतर अण्णांनी अवजारांची पेटी उघडली नाही. समोरच्या बाई मिक्सर घेऊन आल्या तर म्हणाले, “आता माझ्याच्यानं नको, कायतरी विसरेन मी.” स्कूटर विकली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोकं उत्तम आहे. अण्णांना ते पटलं नाही. आणि विश्वास ठेवायला त्यांनी निवडलं कुणाला? मला. “जरा बघा हो, गॅस बंद केला का मी.” “दाराला कडी लावली ना?” दर वेळी गॅस बंद असायचा, कडी लावलेली असायची. एकदाही चुकले नाहीत. मी उठायचो, बघून यायचो आणि सांगायचो, “आहे, अण्णा.” शैला लोकांना कौतुकानं सांगायची, सख्खा मुलगा करणार नाही एवढं हे करतात. मी ऐकून घ्यायचो.

अण्णा गेले ते हृदयाच्या दुखण्यानं. शेवटपर्यंत त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, मळ्यावरच्या कुत्र्यांची नावंसुद्धा. इस्पितळात एका दुपारी शैला औषधं आणायला खाली गेली होती. त्यांनी माझा हात धरला.

“फार सांभाळून घेतलंत हो मला,” ते म्हणाले. “माझं डोकं गेल्यापासून.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, “त्यात काय, अण्णा.”