आधी लाइट, मग ब्रेक

माझ्या भावोजींना राग यायला कारण लागत नाही, रस्ता पुरतो. आपल्याकडे त्यांनी कितीतरी वर्षं मालाचा ट्रक चालवला आणि तेवढ्या वर्षांत रस्ता सगळ्यांचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. समोरून गाडी दिसली की लांबूनच दोनदा लाइट मारायचे. अर्थ सरळ होता: मी येतोय, तू आवर. समोरचाही तोच अर्थ मनात धरून लाइट मारायचा, आणि ज्याची मिजास जास्त तो आधी निघायचा. भावोजी सांगतात की नेहमी तेच निघायचे. आम्ही काही बघायला गेलो नव्हतो.

पुढे माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, आणि तिच्या शेपटाला मी, अशा दोघी या परक्या देशात एका लाँड्रीत कामाला लागलो. ताई मागे इस्त्रीवर, मी पुढे काउंटरवर. वर्षभराने भावोजी आले. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल आणायला-पोचवायला लाँड्रीची व्हॅन होती आणि तिला ड्रायव्हर हवाच होता. मालकीणबाईंनी भावोजींना घेतलं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. त्यांचे आधीचे दोन ड्रायव्हर याच व्हॅनपायी नोकरीला मुकले होते. दोघेही रस्त्यात दादागिरी करायचे, हॉर्न वाजवायचे. इथे हॉर्न म्हणजे तोंडावर शिवी. त्यात व्हॅनच्या पाठीवर लाँड्रीचा फोन नंबर ठळक रंगवलेला, त्यामुळे लोक घरी पोचले की आधी फोन उचलायचे.

तेव्हा ठरलं ते असं: सहा महिने तक्रार आली नाही तर नोकरी पक्की. आली तर भावोजींना परत जावं लागणार आणि ताईला पुन्हा एकटीने राहावं लागणार. मी होते म्हणा, पण नवऱ्याशी भांडायची हौस बहिणीवर भागत नाही. ताईने त्यांच्याकडून हॉर्नला हात लावणार नाही असं कबूल करून घेतलं.

भावोजींनी शब्द पाळला. लायसन्सचं पुस्तक तर त्यांनी माझ्याकडून समजून घेऊन असं घोटलं की चौकात आधी कोणी जायचं, वळणावर कोणी थांबायचं, झोपेतून उठवून विचारा. पण लाइटचं त्या पुस्तकात काही नव्हतं. तो नियम नव्हताच, लोकांच्या अंगवळणी पडलेली रीत होती. इथे समोरच्याने लाइट मारला की त्याचा अर्थ होतो: या, आधी तुम्ही.

भावोजींना याचा पत्ता नव्हता. हॉर्न बंद झाल्यावर त्यांचा सगळा जीव स्टिअरिंगजवळच्या लाइटच्या दांडीत जाऊन बसला. हॉटेलामागच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. भावोजी लांबून लाइट मारणार, म्हणजे बाजूला हो. समोरच्याला वाटणार, काय भला माणूस आहे, आणि तो आरामात पुढे येणार. भावोजी कचकन ब्रेक दाबणार. शेजारून जाताना समोरचा काचेआडून हात वर करणार. तो बिचारा आभार मानत असायचा. भावोजींच्या लेखी तो हात म्हणजे, बघ, घुसलो की नाही.

आम्ही राहायचो लाँड्रीच्याच वर, दोन खोल्यांत. संध्याकाळी यंत्रं बंद झाली तरी खालून बराच वेळ ऊब येत राहायची, आणि वर भावोजींच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. इतकी निगरगट्ट माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. लाइट मारला की मुद्दाम घुसतात, वर हात दाखवतात. बायकासुद्धा. एका म्हाताऱ्याने तर म्हणे दोन्ही हात दाखवले.

पहिला फोन आला तेव्हा तक्रारच असणार असं मी धरून चालले. पलीकडच्या बाईंनी व्हॅनचा नंबर सांगितला आणि म्हणाल्या की तुमच्या ड्रायव्हरइतका सभ्य माणूस या भागात दुसरा नाही. मी त्यांना नंबर परत वाचायला लावला. नंबर आमचाच होता. मग असे फोन येतच राहिले. लाँड्रीतल्या लोकांनी भावोजींचं नाव 'आधी तुम्ही' असं पाडलं, अर्थात त्यांच्या पाठीमागे आणि त्यांना न कळणाऱ्या भाषेत.

मी तेव्हा गाडी शिकत होते, शिकवणाऱ्याने लाइटची रीत सांगितली आणि मला उलगडा झाला. ताईला सांगितलं तर ती इस्त्री उभी करून इतकी हसली की एका टेबलक्लॉथवर इस्त्रीतलं पाणी सांडलं. भावोजींना सांगायचं का, असं मी विचारलं.

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "सांगितलंस तर लाइट सोडतील आणि हॉर्नवर जातील."

"पण एखाद्या दिवशी ब्रेक नाही मारला तर?"

"मारतात गं. घरात काय वेगळं असतं ह्यांचं? आधी लाइट, मग ब्रेक."

मी आठवून पाहिलं. ते आले तेव्हा मेव्हणीने एकाच घरात कशाला राहायचं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आठवड्याच्या आत खिडकीजवळची जागा मला देऊन स्वतः दाराच्या वाऱ्यात झोपायला लागले होते. ताईचं म्हणणं पटलं. आम्ही दोघी मूग गिळून बसलो, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळची करमणूकही मला सोडवत नव्हती.

मुदत संपली त्या दिवशी मालकीणबाईंनी भावोजींना बोलावलं. आपल्या गाडीवरून लोकांचे फोन येतात एवढंच भावोजींच्या कानावर आलं होतं. फोन म्हणजे तक्रारच, दुसरं काय असणार? ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, रागाने नाही, पडलेल्या चेहऱ्याने. त्यांना तसं बघून मला पहिल्यांदाच वाईट वाटलं, पण सांगायला वेळ उरला नव्हता. त्यांना इथली भाषा दुकानापुरतीच यायची, म्हणून दुभाषी मीच. मालकीणबाईंच्या काचेच्या छोट्या खोलीत हँगरांच्या ढिगाला टेकून आम्ही उभे राहिलो.

मालकीणबाईंनी तोंड उघडायच्या आत भावोजी सुरू झाले. "सांग त्यांना, मी लाइट मारतो. रोज मारतो. इथल्या लोकांना समोरच्याची किंमत नाही म्हणून मारतो. लपवण्यासारखं मी काही केलेलं नाही. काढायचं तर काढा म्हणावं."

मी सांगितलं, "ते म्हणतात, समोरच्याची किंमत ठेवली पाहिजे. त्यात मी काही विशेष करत नाही."

मालकीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तो एवढं बोलला, तू एवढंसंच कसं सांगितलंस, असं त्यांनी विचारलं. आमची भाषा जरा ऐसपैस आहे, असं मी ठोकून दिलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी माझी गाडी घेऊन एकदा मुद्दाम याच्या समोर गेले होते. याने लाइट मारला, मी पुढे झाले, आणि शेजारून जाताना याचा चेहरा पाहिला. तो काय बोलत होता ते कळायला भाषेची गरज नव्हती.

भावोजी आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

"मनातल्या शिव्यांशी मला काय करायचंय," मालकीणबाई म्हणाल्या. "आधीच्या दोघांना लाइटचा अर्थ ठाऊक होता, पण ते थांबायचे नाहीत. हा थांबतो. नोकरी पक्की. पण त्याला खरं काय ते सांग. आत्ता, माझ्यासमोर, पुरतं."

मी सांगितलं. लाइटचं सांगितलं, फोनचं सांगितलं, 'आधी तुम्ही'सुद्धा सांगितलं. मला वाटलं आता घर नाही तर लाँड्री डोक्यावर घेतील. ते हळूच स्टुलावर बसले.

"आणि ते हात?"

"आभार मानत होते, भावोजी."

मालकीणबाईंनी पुढे केलेला हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

एका हॉटेलला टॉवेल पोचवायचे राहिले होते. चल जरा बरोबर, म्हणाले, म्हणून मी व्हॅनमध्ये बसले. गल्लीत वळलो तर समोरून एक निळी गाडी येत होती. भावोजींचा हात सवयीने लाइटच्या दांडीकडे गेला आणि तिथेच थांबला. आता अर्थ माहीत होता. जीवावर आल्यासारखं त्यांनी ओठ आवळले, व्हॅन कडेला घेतली आणि लाइट मारला. निळी गाडी पुढे आली. आतल्या माणसाने हात वर केला. भावोजींनीही केला, अर्धवट, शाळेत उत्तराची खात्री नसलेल्या पोरासारखा.

"काय वाटलं असेल गं त्याला?" त्यांनी विचारलं.

"हा चांगला माणूस आहे, असं."

त्यांनी गाडी पुढे काढली नाही. रिकाम्या गल्लीकडे बघत बसले.

"सहा महिने एवढ्या लोकांना तसं वाटत होतं," ते म्हणाले, "आणि मला एकट्यालाच माहीत नव्हतं."