एकशे चाळिसावा तुकडा

दिवस मंगळवार, रक्कम रुपये एकोणीसशे. हजर मी, आमचे साडू आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. ही रक्कम साडूंनी स्वतः खर्च केली यावर उमरग्यात अजून कुणाचा विश्वास बसत नाही, कारण सॉफ्टवेअरला पैसे मोजणारा माणूस त्यांच्या मते बिनडोक. एसटी स्टँडवर नियंत्रक म्हणून अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांची श्रद्धा दोनच गोष्टींवर: फुकटचं सॉफ्टवेअर आणि रांग. त्यांच्या कॉम्प्युटरवर फुकटचे त्रेचाळीस प्रोग्राम मी स्वतः मोजले आहेत. त्यांतले तीन फक्त बाकीच्या चाळिसांना आवरायला आहेत. रांगेचं म्हणाल तर मुलीच्या लग्नात ते ताट घेऊन सत्तराव्या नंबरवर उभे होते. व्याही पुढं न्यायला आले, तर म्हणाले, "माझ्याआधी एकोणसत्तर हायेत."

आमच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करून मुलाकडे जायचं ठरवलं, तेव्हा पेशंटांची सगळी माहिती एका जुनाट प्रोग्राममध्ये अडकलेली होती. त्यातून निघाली तशी फाईल त्यांनी साडूंच्या हवाली केली. ज्याचा त्याला कागद मिळावा एवढीच इच्छा. फाईल उघडली तर नुसते चौकोन, स्वल्पविराम आणि मुंग्या. ती वाचण्याजोगी करून देणारा प्रोग्राम साडूंनी शोधला, पण तो एका फाईलमधल्या पहिल्या पंचवीसच नोंदी फुकट द्यायचा, पुढच्यांना एकोणीसशे मागायचा. साडूंनी दुसऱ्या फुकटच्या प्रोग्रामनं मूळ फाईलचेच पंचवीस-पंचवीस नोंदींचे तुकडे पाडले. नोंदी चार हजार दोनशे बारा, तुकडे एकशे एकोणसत्तर. केसपेपरच्या नंबरानं दिवसाला सहा तुकडे त्या प्रोग्राममधून काढायचे, छापायचे आणि घरोघर पोचवायचे. यात महिना जाईल हे मी दाखवून दिलं, तर म्हणाले, "येळ माझा हाय. त्याला तिकीट न्हाय."

साठ तुकडे झाले आणि अक्कांचं पित्ताशयाचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं, पाच दिवसांवर. पूर्वी आमच्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन घेऊन घरी पोचताच अक्कांचा चेहरा सुजून श्वास अडकला होता. ते कोणतं, हे कळल्याशिवाय भूल देणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. आमच्या डॉक्टरांना फोन केला, तर नाव आठवत नाही, पण नोंदीत नक्की आहे, असं ते म्हणाले. अक्कांचा पहिला केसपेपर काढायला दवाखान्याच्या खिडकीवर मीच उभा होतो, त्यामुळे त्याचं कार्ड माझ्याकडच्या कागदांत निघालं: नंबर तीन हजार चारशे सत्त्याऐंशी. मी कागदावर मांडलं. एकशे चाळिसावा तुकडा, बारावी नोंद. साडूंच्या वेगानं तिथं पोचायला चौदावा दिवस.

तो तुकडा आत्ताच उघडा म्हटलं, तर साडू माझ्याकडे बघतच राहिले.

"अन मधल्या एकोणीसशे शहाऐंशी माणसांना काय सांगू? बायको माझी हाय म्हणून?"

मग एकोणीसशे रुपये मी देतो म्हटलं.

"फुकटचं वापरतो, पाव्हणं. दुसऱ्याचं न्हाय."

अक्का मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आख्ख्या जन्मात ह्यांनी माज्यासाठी खिडकीची जागा धरली न्हाय. ऱ्हाऊ द्या. नंबर यील तवा यील."

त्या टोमणा मारत्या तर साडू बधले नसते. पण आवाज अगदी साधा होता. साडूंनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला आणि एकशे चाळिसावा तुकडा उघडला. बारावी नोंद अक्कांचीच होती. औषधाचं नाव होतं, पुढं तीन फुल्या होत्या, आणि खाली डॉक्टरांच्या सवयीचा एक शेरा: 'पेशंट बेशुद्ध. नवरा रांग मोडून उचलून आत घेऊन आला.'

अक्कांनी तो दोनदा वाचला. हातातली मेथी तशीच राहिली.

"गडबडीत झालं ते," साडू म्हणाले, आणि घाईनं भिंतीवरचं घड्याळ बघू लागले. मग मला म्हणाले, की आपण मागं टाकलेल्या लोकांना आता ताटकळत ठेवणं बरं नव्हे. फोन काढला, चार वेळा रक्कम तपासली आणि बटण दाबलं. उरलेली सगळी फाईल चार मिनिटांत झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. कागदही वाटून झाले. आता सकाळी साडू कॉम्प्युटरसमोर बसतात, पण तुकडे संपल्यामुळं नुसतं बघत बसतात, आणि अक्का न सांगता दुसरा चहा देतात.

एकूण दिले रुपये एकोणीसशे, प्रोग्रामवाल्या कंपनीला. पावती साडूंनी अक्कांच्या कागदाला टाचून ठेवली आहे.